पहिल्या ताटाची खोड

जेवायला येणारी माणसं तिला पाठीमागे झाकणबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. कारण साधं होतं. शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण दुसऱ्या कुणी उचललेलं तिला खपत नसे. एकदा एक नवं गिऱ्हाईक पाणी मागायच्या निमित्तानं आत आलं आणि कौतुकानं झाकण वर करून वास घेऊ लागलं, तर तिनं त्याच्या बोटांवर डाव हाणला. मग त्याच्या ताटात मटणाचे दोन तुकडे जास्त वाढले. पटेल त्यानं यावं, न पटेल त्यानं चौकातल्या हॉटेलात कालचं गरम केलेलं खावं, असा तिचा रोखठोक कारभार होता.

खानावळ म्हणजे घराची पुढची खोली. टेबलं, बाकं, कोपऱ्यात बेसिन, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून ताटं बाहेर यायची आणि रिकामी होऊन आत जायची. जेवण फक्त दुपारचं. पाटी नाही, दरवाज्यावर नाव नाही. आज काय आहे हे कुणी विचारायचं नाही, कारण ते बाजारानं ठरवलेलं असायचं. वांगी चांगली मिळाली तर ती भाजून वर लसूण घातलेला टोमॅटोचा सॉस. गाजरं-सलगम कोवळे असले तर ते मटणाबरोबर सकाळपासून मंद आचेवर. कधी भोपळी मिरचीत खिमा भरून, कधी लिंबाच्या रसात मुरवलेली कोंबडी भट्टीत घालून. आणि शेवटी वाटीभर फळ, हे मात्र रोज. लोण्यात परतलेली सफरचंदं, आलुबुखाराचा दाट आंबटगोड पाक, नाहीतर दालचिनी घालून साखरेत शिजवलेले नाशपती. मटणासाठी येणारी माणसं खरं म्हणजे या वाटीसाठी यायची, असं चित्रकलेचे मास्तर म्हणायचे, आणि मास्तर सहसा काही म्हणत नसत.

या घराची एक रीत होती, आणि ही सगळी हकीकत त्या रीतीवरच उभी आहे. खानावळीचं दार उघडायच्या आधी पहिलं ताट सासूबाईंना जायचं. स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून त्या सावकाश, न बोलता जेवायच्या. जेवण झालं की पदरानं तोंड पुसायच्या आणि एक खोड काढायच्या. एकच. "मटण निब्बर राहिलंय." किंवा "सॉस पातळ सुटलाय." किंवा "मिठाला हात आखडलास." बस. खोड ऐकून झाकणबाई दात-ओठ खायची, पाठ वळवायची आणि ती खोड मुकाट्यानं दुरुस्त करायची. मीठ टाकायची, सॉस आटवायची, मटण परत झाकून ठेवायची. मग दार उघडायचं.

छान झालंय असं त्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. खानावळ सासूबाईंनी सुरू केलेली, सून तिथंच शिकली, आणि सासूबाईंच्या सासूनंही म्हणे त्यांना कधी चांगलं म्हटलेलं नव्हतं. चांगलं झालं तर त्यात सांगायचं काय, ते व्हायलाच पाहिजे, असा त्या बायकांचा कायदा. नवी नवरी असताना झाकणबाई यावरून रडली होती. मग भांडली होती. मग एकदा सूड म्हणून तिनं मुद्दाम अळणी कोंबडी वाढली, तर सासूबाईंनी मिठाचं नावही काढलं नाही. कांदा करपलाय एवढंच म्हणाल्या, आणि तो खरंच करपलेला होता. त्या दिवशी तिनं हात टेकले. पुढं मुलं झाली, मोठी झाली, दोघंही नोकरीच्या गावी गेली. सासूबाईंचे गुडघे गेले, खानावळ पूर्णपणे सुनेकडे आली. खोड मात्र रोज निघत राहिली. मनात तिनं म्हातारीला काय काय म्हटलं असेल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस गरीब स्वभावाचा. जेवणावर बोलणं हे आईचं खातं आहे, त्यात आपण ढवळाढवळ करू नये, हे त्यानं लहानपणीच ठरवून टाकलेलं. डोळ्यांसमोर पेपर धरून जेवायचा. ताटात काय होतं ते त्याला ताट धुवायला गेल्यावर आठवायचं. त्याचं म्हणणं एकच होतं, की आता पुरे. बायकोचं वय झालंय, खानावळ बंद करावी आणि ती खोली बहिणीला द्यावी. बहीण, म्हणजे झाकणबाईची नणंद, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि घरातल्या घरात बायकांचे केस कापायची. तिला पार्लर काढायचं होतं. पुढची खोली, रस्त्यावरचं दार, बेसिन आयतं. येता-जाता ती त्या भिंतीकडे बघायची आणि मनातल्या मनात आरसे लावायची. वाईट बाई नव्हती. फक्त तिला ती खोली हवी होती, आणि हवी आहे हे ती लपवत नव्हती.

झाकणबाईचं उत्तर ठरलेलं असायचं. माझ्या हातापायात जोर आहे आणि तोंडाला चव आहे, तोवर ही खोली माझी.

मग तिला ताप आला. सर्दी, अंगदुखी, कुणालाही येतो तसा. खानावळ काही दिवस बंद राहिली. ताप उतरला, ती उठली, कढईत कांदा टाकला आणि परतत उभी राहिली. कांदा लाल झाला, मग काळा व्हायला लागला, तरी ती उभीच. वास आला की उलथनं मारायचं ही तिची सवय होती, आणि वास आलाच नाही. तिनं लसूण सोलून नाकाशी धरला. व्हिनेगरची बाटली उघडून खोल श्वास घेतला, तर डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही नाही. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. नुसती कचकच. साखरेचंही तेच.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला. चव येईल म्हणाले. कुणाची लवकर येते, कुणाची उशिरा, एखाद्याची येतही नाही. धीर धरा. घरी कोण स्वयंपाक करतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं करते कोणीतरी, असं उत्तर दिलं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं, तर तो हळहळला असता आणि संध्याकाळपर्यंत नणंद आरसे घेऊन आली असती. आणि मग काय? या घरात ती कोण? शेगडीपुढं उभं राहून जिचं आयुष्य गेलं ती बाई खिडकीच्या आतल्या बाजूला बसून दुसऱ्यांच्या केसांत चालणाऱ्या कात्रीचा आवाज ऐकणार? ती घाबरली होती, आणि ते लपवायला तिनं भांडी जरा जास्तच आपटायला सुरुवात केली.

पण तिच्याकडे एक उपाय होता, आणि तो आठवल्यावर ती चक्क हसली. आपल्या घरात एक जीभ आहे की! उभा जन्म जिनं एक दिवस सुट्टी घेतली नाही अशी जीभ. आपल्याला चव कळत नाही तर नाही, म्हातारी खोड काढेलच. मीठ कमी म्हणाली की घालायचं, आंबट म्हणाली की साखर घालायची. ज्या तोंडाला ती इतकी वर्षं मनात शिव्या देत आली, त्याच तोंडाच्या भरवशावर तिनं खानावळ पुन्हा उघडली.

पहिल्या दिवशी तिनं मटण केलं, सवयीच्या हातानं, अंदाजानं. ताट सासूबाईंपुढं ठेवलं आणि समोर उभी राहिली. सासूबाई जेवल्या. पदरानं तोंड पुसलं. सुनेकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं झालंय."

झाकणबाईला आधी कळेचना की आपण काय ऐकलं. मग तिला भरून आलं. खोटं कशाला बोला, ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात जाऊन रडली. आजारातून उठलेली सून बघून म्हातारीला पाझर फुटला असेल, नाहीतर मटण खरंच तसं झालं असेल. दुसऱ्या दिवशी मिरच्या भरल्या. "बरं झालंय." तिसऱ्या दिवशी मशरूमचा पांढरा सॉस आणि त्यात कोंबडी. "बरं झालंय." जीभ गेली आणि हात सुधारला की काय, असं तिला वाटायला लागलं. माणसाला कौतुक मिळालं की त्याची अक्कल थोडी रजेवर जाते, तसं झालं.

पुढच्या खोलीत मात्र काहीतरी बिघडलं होतं. रिटायर झालेले एसटीचे एक ड्रायव्हरकाका कायम दाराजवळच्या बाकावर बसायचे. पाव सॉसमध्ये बुडवून ताट पुसून काढायचे, धुवायची गरज राहत नसे. आता त्यांच्या ताटात सॉस उरायला लागला. पाण्याचे जग भराभर रिकामे व्हायला लागले. दवाखान्यातली नर्स अर्ध्यावर उठून म्हणायची, आज भूक नव्हती हो मावशी, जेवण छान होतं. चित्रकलेचे मास्तर दोनदा आले नाहीत. किल्ल्या बनवणारा तर यायचाच बंद झाला. पण तोंडानं कुणी काही बोलेना. बाई आजारातून उठलीय, आणि शिवाय तिच्या हातात डाव असतो. मांजरीच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. त्या भिडेपायी सगळे खारट खात होते आणि छान छान म्हणत होते.

भांडाफोड केला नाशपतीनं.

तिच्या फळीवर साखरेची आणि बारीक मिठाची अशा दोन सारख्या बरण्या होत्या. कुठली कुठली यावर तिनं कधी खूण केली नव्हती. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, कळलं. इतक्या वर्षांची सवय, तीच तिला नडली. त्या दिवशीही तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि काही न कळताच बरणी पातेल्यात उपडी केली. नाशपती शिजले, मऊ झाले, दालचिनीनं तांबूस दिसायला लागले. दिसायला अगदी देखणे. सासूबाईंनी वाटी संपवली. "बरं झालंय."

नणंद त्या दिवशी जेवायला आली होती. तिला भीडबीड काही नव्हती. तिनं पहिला चमचा तोंडात घातला आणि तो बेसिनमध्ये थुंकून आली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, समुद्रात शिजवलेस का गं नाशपती?"

खिडकीतून झाकणबाईनं एकेका टेबलाकडे बघितलं. सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या. ड्रायव्हरकाका खाली बघत होते. तिला एका क्षणात सगळं उमगलं, पाण्याचे जग का रिकामे होत होते तेही, आणि तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाहेर आली, वाट्या गोळा केल्या आणि आत गेली. मागं नणंद भावाला फोन लावत होती. उद्या दुपारी दुकान सोडून ये, दोघं मिळून वहिनीशी बोलू, तिच्यानं आता होत नाही, हे तिचं बोलणं खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं.

सगळे गेल्यावर झाकणबाई सासूबाईंच्या पुढं येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मायलेकींचा कट. म्हातारीनं मिठाची वाटी संपवली आणि बरं झालंय म्हणाली. मुलीला खोली मिळावी म्हणून सुनेला पुढं ढकलायची, पडू द्यायची. शेवटी पोटची ती पोटची. तिनं हे सगळं तोंडावर म्हणून दाखवलं. रागात ती हेही बोलून गेली की मला चव कळत नाही, ताप आल्यापासून कळत नाही, तुमच्या भरवशावर होते मी, आणि तुम्ही माझा असा घात केलात.

सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांचा चेहरा एकदम पडला.

"तुझीही गेली?" त्या म्हणाल्या.

झाकणबाईला ते 'ही' पोचायला वेळ लागला.

सासूबाईंनी सांगितलं ते असं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, मग मधुमेहाच्या, आणि त्यात कधीतरी त्यांची जीभ लाकूड झाली. धाकट्या नातवाच्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. तेव्हापासून त्यांना मटण काय आणि भिजवलेला पुठ्ठा काय, सारखंच. कुणाला कळू दिलं नाही.

झाकणबाई पाट ओढून त्यांच्यापुढं बसली. धाकट्याच्या लग्नाच्या आधीपासून? मग इतकी वर्षं त्या काढत होत्या त्या खोडी कुठल्या? आणि त्या सगळ्या बरोबर कशा होत्या? कारण बरोबर असायच्या, हे तिचं तिला माहीत होतं. म्हणून तर एवढा राग यायचा.

"तुझ्याकडे बघून," सासूबाई म्हणाल्या. "मटण निब्बर राहिलं असलं की तू माझ्या जबड्याकडे बघत बसतेस. मीठ कमी वाटत असलं की मिठाची वाटी न मागता ताटाशेजारी आणून ठेवतेस. सॉस पातळ झाला की वर ओतत नाहीस, कडेनं सोडतेस, कुणाला दिसू नये म्हणून. खोड तुला आधीच ठाऊक असायची. तू स्वतःशी कबूल करत नव्हतीस, म्हणून मी बोलायची. आता तापातून उठलीस तर तुझं तोंड रोज एकसारखं. मटण असो नाहीतर फळ असो, नुसतं घाबरलेलं. मला त्यात काही दिसेना. मग काय म्हणणार? बरं झालंय म्हटलं."

म्हणजे एकीला चव नाही म्हणून ती दुसरीवर विसंबली, आणि दुसरी पहिलीच्या तोंडावर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं यापेक्षा वेगळं काय होतं ते? आणि पीठ खाणारे बिचारे वर छान आहे म्हणत होते.

आपल्याकडे या घरात कुणी बघत नाही, हे तिचं जुनं दुखणं होतं. नवरा पेपरात, मुलं आपापल्या ठिकाणी, गिऱ्हाइकं ताटात. आणि ही बाई रोज, एक दिवस न चुकता, आपल्या डोळ्यांकडे, हातांकडे इतकं बारीक बघत होती की आपल्या मनातली खोड तिला वाचता यायची. याला माया म्हणायचं की काय म्हणायचं, ते तिला ठरवता आलं नाही. राग पुरता गेलाही नाही. पण त्यातली धार गेली.

सांगितलं का नाही, एवढंच तिनं विचारलं.

"सांगून?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे गेले तेव्हा शेगडीपासून उठवलंत. ठीक आहे. जीभ गेली म्हटल्यावर पहिलं ताट कोण आणून देणार होतं मला? चार घास भरवून आतल्या खोलीत निजवलं असतंत."

तिनं डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं, नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं, तेच म्हातारी तिला तिच्याच शब्दांत सांगत होती. ती उठली, फळीवरच्या मिठाच्या बरणीला लाल दोरा बांधला आणि कामाला लागली. कामाशिवाय तिला विचार करता येत नसे.

खुर्चीची कल्पना सासूबाईंची. मी एक तोंड वाचू शकते तर खोलीभर तोंडं का वाचू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं ती खुर्ची उचलून खिडकीच्या पलीकडे, पुढच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि सासूबाईंना हाताला धरून तिच्यात बसवलं. कितीतरी वर्षांनी म्हातारी त्या खोलीत दिसली. स्वयंपाक साधाच ठेवला होता: भाजलेली कोंबडी, टोमॅटोचा सॉस, उकडलेल्या घेवड्याच्या शेंगांवर लोणी, आणि शेवटी सफरचंदं. सॉस तिनं मुद्दाम कमी मिठाचा केला, कारण घालता येतं, काढता येत नाही.

माणसं आली, पण निम्मीच. ताटं लागली. सासूबाई हात मांडीवर ठेवून बघत होत्या. मग खिडकीकडे मान कलती करून हळू आवाजात म्हणाल्या, की नर्स घास घोळवतेय, मीठ अजून पाहिजे. मास्तरांनी लिंबू मागितलं नाही, म्हणजे आंबट ठीक आहे. शेंगा कुणी बाजूला सारत नाही. झाकणबाईनं सॉसमध्ये मीठ घातलं, ढवळलं आणि वाडगे पुन्हा फिरवले. ड्रायव्हरकाकांनी सॉसमध्ये पाव बुडवला. मग दुसरा तुकडा तोडला.

तेवढ्यात नवरा आणि नणंद आले. नणंदेच्या हातात मापाची टेप होती. तिला घाई नव्हती, पण टेप आणली होती. तिनं भावाकडे बघितलं, भावानं चपलांकडे. मग तीच बोलली. चारचौघांत बोलायचं नव्हतं म्हणाली, पण ही सगळी घरचीच माणसं. वहिनीला चव कळत नाही. तिला हे केस कापायला आलेल्या, दवाखान्यात काम करणाऱ्या बाईकडून कळलं होतं. चव न कळणाऱ्या बाईनं लोकांना जेवू घालणं बरं नाही, कुणाला उद्या काही बाधलं तर जबाबदार कोण? आणि ती तरी अजून किती राबणार? हे ती प्रेमानंच म्हणत होती, आणि त्यामुळे त्याला तोंड देणं जास्त अवघड होतं.

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. झाकणबाई हात पुसत बाहेर आली. नाही म्हणावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण नाशपती सगळ्यांनी चाखले होते.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझी चव गेलीय. मी तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं."

ड्रायव्हरकाकांनी पाव खाली ठेवला. मग ते जरा चाचरत म्हणाले, की रागावू नका बाई, पण मग आजचं हे चाखलं कुणी? कारण आजचं नीट आहे.

खोलीत दोनच माणसांना खरं उत्तर माहीत होतं. एक उभी होती आणि एक खुर्चीत बसली होती. खुर्चीतल्या बाईनं डोळे मिटून घेतले होते, आणि मांडीवरच्या तिच्या हाताची बोटं पदराचं टोक चुरगळत होती. इतकी वर्षं ती दुसऱ्याचं तोंड वाचत आली, आता पहिल्यांदा तिचं स्वतःचं उघडं पडलं होतं. झाकणबाईनं ते वाचलं.

"आईंनी," ती म्हणाली. "या खानावळीत चव आईच बघतात. पहिल्यापासून त्याच बघतात. मधे मी आजारपणाच्या नादात त्यांना ताट द्यायला हयगय केली, त्याचं हे झालं. त्यांची जीभ शाबूत आहे तोवर माझी असली काय आणि नसली काय."

नणंद आईकडे वळली. आई, खरंच? असं तिनं विचारलं, आणि त्यात संशय होता, कारण गोळ्या तीच आणून द्यायची.

सासूबाईंनी डोळे उघडले. लेकीकडे बघितलं नाही. त्यांनी एकदा ड्रायव्हरकाकांच्या ताटाकडे बघितलं, एकदा नर्सच्या वाटीकडे, आणि मग मास्तरांकडे, ज्यांनी सफरचंदाचा एक घास खाऊन चमचा टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे नेला होता.

"कोंबडीला नाव ठेवायला जागा नाही," त्या खणखणीत म्हणाल्या. "सफरचंदं आंबट निघालीत. साखर पाहिजे."

मास्तरांचा चमचा हवेतच थांबला. तेच म्हणणार होतो, असं ते म्हणाले. नर्स म्हणाली, मलाही तेच वाटलं. ड्रायव्हरकाकांनी पाव पुन्हा उचलला आणि अजून सॉस आहे का, असं विचारलं. नवरा गोंधळून एका बाकाच्या कडेला बसला. बायकोनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, आणि पेपर नसल्यामुळे त्याला ते बघून जेवावं लागलं. नणंद थोडा वेळ उभी राहिली. मग टेप पर्समध्ये टाकून तीही जेवायला बसली. तिनं सफरचंदावर साखर भुरभुरून घेतली आणि वाटी संपवली. खोलीचा विषय तिनं सोडला असं नाही, पण त्या दिवशी काढला नाही.

सगळे गेल्यावर झाकणबाई टेबलं पुसायला आली. सासूबाई अजून खुर्चीतच होत्या. बराच वेळ त्या सुनेला फडकं फिरवताना बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"खोटं बोलताना तुझा आवाज कापतो," त्या म्हणाल्या. "तेवढं सुधार."

झाकणबाईनं फडकं पिळलं, आणि बरं म्हणाली.